वर्ध्याचे शेठजी आणि घरची मंडळी

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींच्या घरी दुकान आहे? किराण्याचं म्हणा, कापडाचं म्हणा, नाहीतर बी-बियाणं आणि खतांचं. आणि त्यातल्या कितीजणींचे यजमान एखाद्या निवडणुकीला उभे राहिले आहेत? दोन्ही प्रश्नांना ‘हो’ असं उत्तर देणारी एखादी जरी असेल, तर आजचा लेख तिनं अगदी सावकाश वाचावा. भाजी गॅसवर असेल तर आधी गॅस बारीक करावा.

मध्यंतरी किन्हीराजाला जाण्याचा योग आला. वाशीम जिल्ह्यातलं, मालेगाव तालुक्यातलं हे गाव. मालेगावहून कारंज्याकडे निघालं की वाटेत लागतं. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाला जाणारी मंडळी या भागाला चांगली ओळखतात. तिथं माझ्या ओळखीची एक सून आहे. घरचं दुकान आहे, थोडी शेती आहे, दोन मुलं आहेत. चहा झाला, सुपारी झाली, आणि बोलता बोलता माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. काचेच्या बांगड्यांच्या मागेपुढे ज्या पाटल्या मी तिच्या लग्नापासून पाहत आले होते, त्या नव्हत्या.

विचारलं तर ती हसली. म्हणाली, ‘‘इलेक्शनले उभे राह्यले होते ना हे. तवा ठेवल्या.’’

‘‘तुला विचारून ठेवल्या ना?’’

‘‘काय सांगू ताई, मले त कोनी इचारलंच नाई. कपाटाची चाबी मागतली, म्या देल्ली.’’

आता यात तिच्या नवऱ्याला राक्षस ठरवायची घाई करू नका. माणूस सरळ आहे. पंथाची माळ घातलेली, बाटलीला कधी शिवलेला नाही. दुकानात मापात मारत नाही, अडल्यानडल्याला उधार देतो, गावात कुणाच्या घरी मयत झाली तर पहिला हा धावतो. अशाच माणसाला लोक ‘तुम्ही उभे राहा’ म्हणतात. आणि अशाच माणसाच्या बायकोच्या पाटल्या जातात.

परतताना मोटारीत माझ्या डोक्यात सारखं एकच नाव घोळत होतं. तेही व्यापाऱ्याचं, तेही आपल्या विदर्भातल्याच एका लहान गावचं. वर्ध्याचे जमनालाल बजाज. तुमच्या घरी कधीकाळी बजाजची स्कूटर असेल, पुढे मूल उभं आणि मागे तुम्ही पदर सावरत बसलेल्या. त्या नावाचा उगम इथला. पण स्कूटर फार नंतरची. मला सांगायचं आहे ते शेठजींच्या घराबद्दल, आणि त्याहूनही जास्त त्यांच्या मंडळींबद्दल.

जमनालाल वर्ध्याचे नव्हतेच. राजस्थानातल्या सीकरजवळ ‘काशी का बास’ नावाचं खेडं आहे. तिथल्या कनीराम नावाच्या साध्या शेतकऱ्याच्या घरी, बिरदीबाईंच्या पोटी, ४ नोव्हेंबर १८८९ ला ते जन्मले. वर्ध्याचे बच्छराज शेठ हे त्याच भाऊबंदकीतले श्रीमंत व्यापारी. त्यांचा तरुण मुलगा वारलेला, वंश चालवायला कुणी नाही. बच्छराजांच्या पत्नी गावी गेल्या असताना त्यांनी हे गोजिरवाणं पोर पाहिलं. बिरदीबाई सहज म्हणून गेल्या, ‘तुमचंच आहे’. मारवाडातलं हे नुसतं बोलणं. आपण नाही का म्हणत, ‘घ्या हो, तुमचंच घर आहे’! पण शेठाणीबाईंनी तो शब्द धरून ठेवला. शब्द गेला म्हणजे गेला, असा तो काळ. पाचेक वर्षांचं पोर दत्तक गेलं. बापानं मुलाच्या बदल्यात पैसा घेतला नाही. त्या बिनपाण्याच्या गावाला एक विहीर मिळाली, असं सांगतात.

आई काय म्हणाली असेल, हे कुठल्या चरित्रात सापडत नाही. चरित्रं बहुधा पुरुषांनी लिहिलेली.

तर असा हा मुलगा वर्ध्याच्या पेढीवर वाढला. शाळा मराठी, तीही चौथीपर्यंत. पुढचं शिक्षण गादीवर बसून. घरात पैशाची ददात नाही. आजोबांकडून त्याला खर्चाला रोज काही मिळे, ते तो साठवी. १९०६ साली लोकमान्यांच्या ‘केसरी’ची हिंदी आवृत्ती निघणार असं कळलं, तेव्हा या साठवलेल्या पैशांतले शंभर रुपये त्यानं देऊन टाकले. पुढं लाखांनी देणग्या दिल्या, पण त्या शंभरात जो आनंद होता तो पुन्हा आला नाही, असं ते सांगत. आपल्यापैकी जिनं भाजीच्या पैशांतून वाचवून कुणाला गुपचूप काही दिलं असेल, तिला हे सांगावं लागणार नाही.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. मुलगा सतरा वर्षांचा. घरातून कुठंशा लग्नकार्याला जायचं होतं. बच्छराज म्हणाले, अंगावर दागिने घाल. शेठच्या घरचा मुलगा दिसला पाहिजे. यानं नाही म्हटलं. म्हातारा शेठ तापट. बोलता बोलता पैशांवरून वाट्टेल ते बोलून गेला. पोरानं काय करावं? स्टँपाचा कागद आणवला आणि त्यावर लिहून दिलं की तुमच्या संपत्तीवर माझा आजपासून काडीचा हक्क नाही, अंगावरच्या कपड्यांनिशी मी निघालो. आणि खरोखर निघून गेला. मग आजोबांची धावाधाव. समजूत घालून त्याला परत आणलं. पण तो कागद त्यानं मनातून कधी फाडला नाही. पुढे सगळी इस्टेट त्याच्याच हाती आली, तेव्हा ‘ही माझी नव्हे, मी नुसता सांभाळणारा’ हा त्याचा हिशेब कायम राहिला. गांधीजींनी विश्वस्तपणाचा विचार सांगितला तो पुढं. वर्ध्याच्या या पोरानं तो सतराव्या वर्षी स्टँपावर लिहून दिला होता.

मला मात्र इथं एक वेगळाच प्रश्न पडतो. त्या दिवशी घरात चौदा वर्षांची एक मुलगी घुंगटाआड बसली होती. तिचा नवरा स्टँपपेपरवर सही करून रस्त्याला लागला होता. तिला कुणी काही विचारलं होतं का?

ती मुलगी म्हणजे जानकी. माळव्यातल्या जावऱ्याच्या जाजोदिया या खात्यापित्या वैष्णव घरातली. जन्म १८९३ चा, लग्न १९०२ साली. नऊ वर्षांची नवरी, बारा-तेरा वर्षांचा नवरा. लग्नानंतर सगळं मारवाडी सुनेचं रीतसर आयुष्य: डोक्यापासून छातीपर्यंत ओढलेला पदर, हातापायांत किलोकिलोनं सोनं-चांदी, सोवळंओवळं आणि देवघर. नवरा घरी कधी येतो-जातो ते त्याच्या पायांवरून ओळखायचं.

इकडे नवऱ्याचा व्यापार वाढत होता. आपल्या वऱ्हाड-वर्ध्याकडं व्यापार म्हणजे कापूस, दुसरं काय! बायांनो, कापसाच्या धंद्यात काय काय चालतं हे तुमच्या घरच्या शेतकऱ्याला विचारा. गाठी बांधताना पाणी मारलं की वजन वाढतं. जमनालालांच्या पेढीचा कापूस मात्र कोरडा असे, आणि म्हणून गिऱ्हाईक त्याला दोन पैसे जास्त देई, असं सांगितलं जातं. प्रामाणिकपणा परवडतो, असा याचा अर्थ काढू नका. कधी परवडतो, कधी नाही. परवडो न परवडो, त्यांचं मन तसंच होतं, एवढंच.

सरकारदरबारी वजन वाढलं. तरुणपणीच ऑनररी मॅजिस्ट्रेट झाले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ‘रायबहादूर’ झाले. म्हणजे आजच्या भाषेत गावातलं बडं प्रस्थ. इथवर त्यांची गोष्ट कुठल्याही तालुक्याच्या शेठजीची. बाजारपेठेत नाव, देवळात देणगी, कलेक्टरच्या चहाला खुर्ची. पण १९१५ साली गांधीजी आफ्रिकेतून परतले आणि यांनी त्यांच्याकडे जाणं-येणं सुरू केलं. तिथून घराची घडी मोडायला लागली.

पहिला नंबर लागला सोन्याचा. गांधीजींचं म्हणणं जमनालालांना पटलं, आणि त्यांनी जानकीदेवींना पत्र लिहिलं: सोनं सोड. सोन्यात कलीचा वास असतो, ही आपल्याकडची जुनी भागवतातली समजूत. ज्या माणसानं स्वतः लहानपणी दागिने घालायला नकार दिला, तो बायकोकडं ते मागणारच. त्यांचं वय तेव्हा चोवीसच्या आसपास. सासरच्या, माहेरच्या, सगळ्या बायका अंगभर नटलेल्या, आणि मारवाडी समाजात सवाष्णीनं सोनं उतरवणं म्हणजे अशुभाचा कळस. जानकीदेवींनी उतरवलं. पुन्हा आयुष्यभर घातलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, किन्हीराजाच्या सुनेच्या पाटल्या गेल्या, आणि जानकीबाईंच्याही गेल्या. फरक काय?

मीही बरेच दिवस याचा विचार केला. एक फरक सरळ आहे: इथं चावी मागितली, तिथं पत्र लिहिलं. पत्राला ‘नाही’ असं उत्तर देता येतं. पण त्या काळातल्या मारवाडी सुनेला ते खरंच देता आलं असतं का? मला शंका आहे. नवरा देशभर नावाजलेला, त्याच्यामागे गांधीजींसारखा माणूस. अशा वेळी ‘मला माझं सोनं आवडतं’ म्हणायला जास्त धैर्य लागतं की सोनं काढून ठेवायला? तुम्हीच ठरवा.

दुसरा फरक मात्र मला महत्त्वाचा वाटतो. जानकीबाईंचा नुसता दागिना गेला नाही, त्याबरोबर घुंगटही गेला. १९१९ साली त्यांनी पडदा सोडला. सुनेनं उघड्या तोंडानं दाराबाहेर पाऊल टाकलं. पुढं वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी रेशमी कपडे सोडून खादी. तेव्हाची खादी म्हणजे आजच्या बुटिकमधली मऊसूत खादी नव्हे हं. जाडीभरडी, नेसली की कंबरेला ओझं, धुतली की एकटीनं पिळता येऊ नये अशी. ज्यांनी आजीची खादीची लुगडी धुतली असतील त्यांना ठाऊक. ती नेसून या बाई सूत कातायला बसल्या आणि मग दुसऱ्यांना शिकवायला लागल्या. जिनं परपुरुषासमोर आवाज काढला नव्हता, ती सभेत बोलू लागली. म्हणजे तिच्याकडून घेतलं तसं तिला काहीतरी मिळालंही. रस्ता मिळाला, माणसं मिळाली, आवाज मिळाला.

आमच्या किन्हीराजाच्या बाईला पाटल्यांच्या बदल्यात काय मिळालं? प्रचाराच्या काळात रोज तीस माणसांचा स्वयंपाक.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते शाळेच्या पुस्तकांत आहे. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याचे स्वागताध्यक्ष जमनालाल. तिथंच त्यांनी गांधीजींना विनवलं की मला तुमचा पाचवा मुलगा माना. गांधीजींना चार मुलगे, हा पाचवा. दोघांचा पुढचा पत्रव्यवहार छापला गेला तोही ‘पाँचवें पुत्र को बापू के आशीर्वाद’ या नावानं. गंमत पाहा: एकदा आईबापांनी दत्तक दिलं, दुसऱ्यांदा हे स्वतःच दत्तक गेले! १९२१ मध्ये रायबहादुरी परत केली. त्याच साली विनोबा वर्ध्याला येऊन राहिले. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात तुरुंग झाला. दंड भरला नाही म्हणून सरकारनं मोटार जप्त केली, तर लिलावात बोली लावायला नागपुरात कुणी पुढं येईना. काँग्रेसचे खजिनदार म्हणून तर ते मरेपर्यंत होते. पैसा सांभाळणारा माणूस स्वतः स्वच्छ असला की सगळ्यांची झोप नीट लागते. महिला मंडळाची भिशी चालवणारीला विचारा!

इथं जरा दूर जाऊन येऊ. अमेरिकेत युटा म्हणून राज्य आहे, तिथं मॉर्मन पंथाचे लोक फार. १८३० साली जोसेफ स्मिथ यांनी हा पंथ काढला. लोकांनी छळलं म्हणून १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंगच्या मागं हे लोक बैलगाड्या घेऊन एका खाऱ्या तळ्याकाठच्या ओसाड मुलखात आले, आणि शेती-व्यापार करून त्यांनी तिथं गावंच्या गावं वसवली. दारू नाही, तंबाखू नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही; कमाईचा दहावा हिस्सा धर्माला. गावातला दुकानदारच तिथं बिनपगारी धर्मगुरूही असतो, आणि निवडणुकीलाही तोच उभा राहतो. म्हणजे आपल्याकडचे माळकरी शेठजीच म्हणा ना. फक्त एक मोठी खोट होती: पूर्वी यांच्यात एकेका पुरुषाला अनेक बायका. पंथानं ती चाल १८९० मध्ये अधिकृतपणे बंद केली.

आता ऐका. याच पंथातले एक वजनदार पुढारी होते अँगस कॅनन. त्यांची चौथी बायको मार्था ह्यूज कॅनन, शिकून डॉक्टर झालेली. १८९६ साली युटाच्या राज्य सिनेटसाठी निवडणूक लागली. अँगसराव एका पक्षाकडून उभे राहिले, आणि मार्थाबाई दुसऱ्या पक्षाकडून! निकाल लागला तेव्हा मार्थाबाई निवडून आल्या आणि नवरा पडला. राज्य सिनेटवर गेलेली ती अमेरिकेतली पहिली स्त्री. सहा बायकांच्या संसारातल्या चौथीची ही गोष्ट. त्या रात्री घरी जेवायला काय केलं होतं, हे मला फार जाणून घ्यायचं आहे.

जानकीबाई काही नवऱ्याविरुद्ध उभ्या राहिल्या नाहीत. पण घरात त्या मुकाट मान डोलावणाऱ्याही नव्हत्या. त्यांनी आपली जीवनकहाणी हिंदीत ‘मेरी जीवन-यात्रा’ या नावानं १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. मोठ्या माणसाच्या पत्नीनं स्वतःविषयी लिहावं, हीच त्या वेळी नवलाई.

खरी परीक्षा लागली ती मंदिराच्या वेळी. वर्ध्याला बजाज घराण्याचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे. घराण्याचं देऊळ म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. देवाची पूजा, नैवेद्य, सणवार, सगळं घरच्या बायकांच्या हातून गेलेलं. त्यांच्या सोवळ्याची सगळी पुण्याई तिथं साठलेली. जमनालालांनी ठरवलं की हे देऊळ अस्पृश्य मानलेल्या लोकांना उघडायचं. जुलै १९२८ मध्ये ते उघडलं. विनोबा त्या लोकांना घेऊन आत गेले.

तो काळ आठवा. आदल्याच वर्षी, १९२७ मध्ये, महाडला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं, आणि त्यासाठी लोकांनी मार खाल्ला होता. इकडं अमरावतीला अंबादेवीच्या देवळासाठी सत्याग्रह उभा राहिला होता. नाशिकच्या काळारामाचा लढा १९३० ला सुरू व्हायचा होता. पंढरीचा विठोबा सर्वांना भेटायला १९४७ उजाडावं लागलं, तेही साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. त्या मानानं वर्ध्याचं देऊळ फार लवकर उघडलं, आणि मालकाच्या मर्जीनं उघडलं. पण हेही सांगितलं पाहिजे की मालकाच्या मर्जीनं दार उघडणं वेगळं आणि आपला हक्क म्हणून ते उघडून घेणं वेगळं. शेठजींचं मोठेपण मान्य करूनही, महाडला काठ्या झेललेल्यांचा मान पहिला.

व्यापाऱ्याला समाज लागतो. हुंडी समाजाच्या भरवशावर चालते, मुलींची लग्नं समाजात व्हायची असतात. ‘जातीनं वाळीत टाकलं तर’ हा धाक आपल्यापैकी कितीजणींच्या घरी अजून आहे! यांनी तो मुलीच्या लग्नातही बाजूला ठेवला. थोरल्या कमलाचं लग्न १९२६ मध्ये साबरमतीच्या आश्रमात, गांधीजींसमोर, अगदी साधेपणानं झालं. शेठजींची पहिली लेक! वरात नाही, जेवणावळी नाहीत. तुमच्या माझ्या आईनं काय म्हटलं असतं? ‘लोक काय म्हणतील’ हेच ना? पुढे मुलगी मदालसा हिचं लग्न श्रीमन्नारायण यांच्याशी झालं, आणि मुलगा कमलनयन तर इंग्रजी शाळेऐवजी विनोबांच्या आश्रमात वाढला.

मुलांच्या बाबतीत आईचं मन काय झालं असेल, ते आपण आईच जाणोत. श्रीमंत घरचं पोर, आणि आश्रमात दळणकांडण, झाडलोट. तो मुलगा पुढे केंब्रिजला गेला, धंदा वाढवला, वर्ध्यातून १९५७, १९६२ आणि १९६७ असा तीनदा लोकसभेवर गेला. म्हणजे बिघडला नाही. पण हे आपल्याला आज ठाऊक आहे. त्या आईला तेव्हा कुठं ठाऊक होतं?

आणि पाहुणे! याविषयी कुणी फारसं लिहीत नाही म्हणून मी लिहिते. गांधीजी साबरमती सोडून आले आणि वर्ध्याला राहिले. जमनालालांनी आपली बाग त्यांना दिली, ती मगनवाडी. १९३४ पासून ग्रामोद्योगांचं काम तिथं चाललं. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला गेले. त्या गावातली बरीचशी जमीनही बजाजांचीच होती. मग काय विचारता! देशातला जो उठेल तो वर्ध्याच्या गाडीत बसे. काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठका वर्ध्याला, आणि मंडळींचा मुक्काम बजाजवाडीत. कुणी मीठ खात नाही, कुणी फक्त फळं खातो, कुणाला गाईचंच दूध लागतं, कुणाचा मौनाचा दिवस. आपल्याकडे उन्हाळ्यात दोन नणंदा मुलांसह आल्या तर आपला जीव मेटाकुटीला येतो. स्वातंत्र्याची चळवळ जितकी मैदानात झाली, तितकी वर्ध्याच्या चुलीपाशी झाली असं मी म्हटलं, तर इतिहासाचे प्राध्यापक रागावतील. रागावू देत.

शेवटी शेवटी जमनालाल या सगळ्यालाही कंटाळले. राजकारण पुष्कळ झालं, जयपूर संस्थानातल्या प्रजामंडळाच्या लढ्यात १९३९ मध्ये पुन्हा तुरुंग झाला, तब्येत ढासळली. १९४१ मध्ये त्यांनी गोसेवा संघाचं काम हाती घेतलं आणि वर्ध्याजवळ गोपुरीला झोपडीत राहायला गेले. गिरण्या-कारखान्यांचा मालक झोपडीत, गाईंच्या संगतीत. काही महिनेच तो आनंद मिळाला. ११ फेब्रुवारी १९४२ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते अचानक गेले. वय अवघं बावन्न.

त्या दिवशी जानकीबाई एकोणपन्नास वर्षांच्या. त्यांनी गांधीजींना विचारलं की मी सती जाऊ का? हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ज्या बाईनं सोनं सोडलं, पडदा सोडला, देवळाची दारं उघडताना सोबत केली, तिच्या मनाच्या तळाशी अजून तेच होतं. नवऱ्यामागं बायकोला जागा नाही, हे! सुधारणा वरवरची होती असं मला म्हणायचं नाही. मन असंच असतं, थरावर थर. गांधीजींनी त्यांना सांगितलं की खरं सती जाणं म्हणजे देहाला जाळणं नव्हे, नवऱ्याचं राहिलेलं काम अंगावर घेणं.

त्यांनी ते घेतलं. आपल्या नावावरचा पैसा गोसेवेला दिला, गोसेवा संघाची धुरा सांभाळली. पुढे विनोबांच्या भूदानात गावोगाव पायी फिरल्या. लोकांकडे त्या विहिरी मागत. कूपदान म्हणत त्याला. नवऱ्याच्या दत्तकविधानात एका गावाला विहीर मिळाली होती, आणि बायकोनं म्हातारपणी विहिरी मागत फिरावं! १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. नवऱ्यामागं सदतीस वर्षं त्या जगल्या आणि १९७९ मध्ये गेल्या. या सदतीस वर्षांतल्या जानकीबाई मला त्यांच्या नवऱ्याइतक्याच मोठ्या वाटतात, कारण इथं पत्र लिहून ‘हे सोड, ते सोड’ सांगणारं कुणी नव्हतं.

ही सगळी हकिकत मी किन्हीराजाला दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्या सुनेला सांगितली. तिनं गहू निवडता निवडता ऐकली. मध्येच दुकानातून आवाज आला म्हणून उठून पावशेर साखर जोखून देऊन आली. शेवटी विचारलं काय, तर, ‘‘त्या बाईचं सोनं मंग गेलं कुठी?’’

मी म्हटलं, देशकार्याला गेलं असं समज. पण तुझं कुठं गेलं ते आधी बघ.

मग आम्ही दोघींनी कपाट उघडलं. पावती सापडली. तारण तिच्या नवऱ्याच्या नावावर, पाटल्यांचं वजन लिहिलेलं, मुदत दोन महिन्यांवर आलेली. मी तिला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कारण हे पुष्कळ शिकलेल्या बायकांनाही माहीत नसतं. माहेरून आलेलं, लग्नात मिळालेलं सोनं हे तुमचं स्त्रीधन. नवऱ्याचा त्यात वाटा नाही. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं प्रतिभा राणी यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा एकदा सांगितलं की अडचणीत नवऱ्यानं ते वापरलं तरी ते परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते. सोनं ठेवायचंच असेल तर तुमच्या नावानं ठेवा, पावती तुमच्याजवळ असू द्या, आणि मुदतीची तारीख दिनदर्शिकेवर, दूध-पेपरच्या हिशेबाशेजारी, लाल शाईनं लिहा.

संध्याकाळी तिचे यजमान दुकान बंद करून आले. निवडणुकीत ते थोडक्या मतांनी पडले होते, त्यामुळे जरा उतरलेले होते. जेवताना मी त्यांनाही वर्ध्याच्या शेठजींची गोष्ट सांगितली. स्टँपपेपरची जरा जास्त रंगवूनच. ते मन लावून ऐकत होते. तेवढ्यात ती आतून आली. वाढता वाढता म्हणाली, ‘‘कापूस इकला का पयले माह्या पाटल्या सोडवजा. मंग बाकीचं.’’

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. म्हणाले, ‘‘बरं.’’

ताटात तिनं आणखी एक भाकरी टाकली.